मुलं परदेशी पाठवू, पण आपल्या घरी कोण राहील?

दहावीच्या आसपासचं एक वर्ष अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात, ओळखपाळख नसलेल्या कुटुंबात राहून काढायचं, तिथल्या शाळेत शिकायचं आणि परत यायचं. विमानाचं तिकीट, विमा, महिन्याचा हातखर्च, सगळं त्यांच्याकडून. असं नारपोलीत कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात गोम काय आहे?" आणि विषय मुलीचा असेल तर प्रश्नापर्यंतही गोष्ट जात नाही. "आपल्यात असं पाठवत नाहीत" एवढ्यावर संपते.

गोम विचारणं चुकीचं नाही, म्हणून आधी तीच पाहू.

योजनेचं नाव आहे केनेडी-लुगर यूथ एक्स्चेंज अँड स्टडी. आद्याक्षरांवरून तिला 'येस' म्हणतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, ऑक्टोबर २००२ मध्ये, सिनेटर एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगर यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली. एक डेमोक्रॅट, दुसरे रिपब्लिकन. मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय असलेल्या देशांतल्या शाळकरी मुलांना एक शैक्षणिक वर्ष अमेरिकन कुटुंबात ठेवायचं, अशी कल्पना. पैसे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे. भारतही या देशांच्या यादीत आहे आणि इथली निवड एएफएस इंडिया ही संस्था करत आली आहे. एएफएसचा जन्म १९१५ चा, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका चालकांमधून झालेला. दोन महायुद्धं पाहिल्यावर त्या माणसांना वाटलं की जखमी उचलण्यापेक्षा शाळकरी पोरांना एकमेकांच्या घरी राहायला पाठवणं बरं.

आता गोम. अमेरिकेला मुस्लिम जगात आपली प्रतिमा सुधारायची होती, म्हणून हा खर्च. ज्या २००३ मध्ये या योजनेची पहिली मुलं अमेरिकेत उतरली, त्याच वर्षी अमेरिकेनं इराकवर हल्ला केला. हे माहीत असूनच अर्ज भरावा असं मी म्हणेन. सरकार पैसे देतं ते स्वतःच्या फायद्यासाठी, ते अमेरिकेचं असो की कुणाचंही. यात लाजण्यासारखं काही नाही आणि हुरळून जाण्यासारखंही नाही. शिवाय ही तिथं स्थायिक होण्याची वाट नव्हे. वर्ष संपलं की परतायचं, आणि पुढची दोन वर्षं मायदेशी काढल्याशिवाय तिथला नोकरीचा किंवा कायम राहण्याचा व्हिसा मागता येत नाही.

पण या सगळ्या सरकारी व्यवस्थेत एक जागा अशी आहे जिथे पैसा पोहोचत नाही. तुम्हाला घरात ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला या कामाचा मोबदला मिळत नाही. नियमच तसा आहे: यजमान कुटुंब स्वयंसेवकच असलं पाहिजे. ते तुम्हाला पलंग देतं, दोन वेळचं खायला देतं, ताप आला की डॉक्टरकडे नेतं. त्याआधी त्यांच्या घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते, कुणीतरी घरी येऊन खोल्या बघतं, फोटो काढतं, शेजारीपाजारी आणि ओळखीच्यांकडे चौकशी करतं. कुणाचं तरी पोर वर्षभर सांभाळायला मिळावं म्हणून हे सगळं सोसायचं, तेही फुकट. आपल्याकडे घराची अशी झडती कोण घेऊ देईल?

ही तपासणी नेहमीच नीट झाली असं नाही. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन शहरात काही विद्यार्थ्यांना गलिच्छ घरांत, पोटभर अन्नाशिवाय ठेवल्याचं उघडकीला आलं. त्यानंतर २०१० मध्ये नियम कडक झाले. म्हणून मुलांनी जाण्याआधीच एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: घर जमलं नाही तर बदलता येतं. स्थानिक समन्वयक दर महिन्याला तुमच्याशी बोलायला बांधील असतो आणि त्याच्यापाशी तक्रार करणं म्हणजे यजमानांचा अपमान नव्हे. आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, "सांभाळून घे" एवढंच शिकवलेलं असतं. तिथे जाताना "नाही जमत" हे वाक्य इंग्रजीत आणि डोळ्यात डोळे घालून म्हणता आलं पाहिजे.

घरच्यांच्या काळज्या वेगळ्या असतात. डुक्कर, दारू, कुत्रा, नमाज, मुलामुलींची मैत्री, साधारण याच क्रमानं. यातल्या कुत्र्याचं काय करायचं हे मलाही सांगता येणार नाही. तो बऱ्याच घरांत असतो आणि सोफ्यावर बसतो. बाकीच्यांचं इतकं अवघड नाही. काय खात नाही हे अर्जातच लिहायचं असतं आणि ते वाचूनच कुटुंब तुम्हाला निवडतं. चर्चला चला म्हणून बोलावतील, जबरदस्ती करू शकत नाहीत. आणखी एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. तिथल्या संडासात पाणी नसतं. सामानात एक प्लास्टिकचा मग टाका. पहिल्या आठवड्यात इंग्रजीपेक्षा तोच जास्त उपयोगी पडेल.

नमाजापेक्षा खरी कसोटी रमजानची असते, कारण रोजा एकट्यानं धरायचा असतो. हल्ली रमजान हिवाळ्याच्या अखेरीस येतो, शाळा ऐन भरात असते. दुपारी कँटीनमध्ये सगळे पिझ्झा खात असताना तुम्ही ग्रंथालयात बसणार. भिवंडीत पहाटे अख्खा मोहल्ला जागा असतो, सेहरीला उठवायला लोक फिरतात, भोंगा वाजतो. तिथे गजराशिवाय कुणी नाही.

इथे सबिका शेखची आठवण काढायला हवी. कराचीची ही सतरा वर्षांची मुलगी याच योजनेतून टेक्सासला गेली होती, एका ख्रिस्ती कुटुंबात राहत होती. २०१८ चा रमजान सुरू झाला तेव्हा त्या घरातल्यांनीही तिच्याबरोबर रोजे धरायला सुरुवात केली, म्हणजे पोरीला एकटं वाटू नये. १८ मे २०१८ रोजी, रमजानच्या अगदी पहिल्या दिवसांत, सांता फे हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्यानं गोळीबार केला. दहाजण मारले गेले, त्यात सबिका होती. काही आठवड्यांत ती ईदसाठी घरी परतणार होती.

ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, बघा, म्हणूनच पाठवू नये. मी तिचा उल्लेख गाळला असता तर लेख सोपा झाला असता. पण अमेरिकेतल्या शाळांमध्ये बंदुका चालतात हे पालकांना माहीत असलं पाहिजे, आणि त्याच देशात एक ख्रिस्ती घर कराचीच्या पोरीसाठी उपाशी राहिलं हेही माहीत असलं पाहिजे. दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच गावाच्या परिसरात घडलं. यातलं एकच निवडून आपापलं मत पक्कं करणारी माणसं दोन्ही बाजूंना भरपूर आहेत.

परक्या घरात मुलांना खरोखर जड जातं ते मात्र या काळज्यांपैकी काहीच नसतं. जड जाते ती शांतता. नारपोलीत रात्रभर लूम चालतात, त्या खटखटीत आपण जन्मापासून झोपतो. एका खोलीत पाचजण, शेजारच्या घरातलं भांडण भिंतीतून ऐकू येतं. तिथे संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि घरात प्रत्येकजण आपल्या खोलीत. दुसरं म्हणजे काम. यजमानांच्या घरी तुम्ही पाहुणे नसता, घरातलं मूल असता. जेवल्यावर ताट धुवायचं, कचरा बाहेर ठेवायचा, स्वतःचे कपडे मशीनला लावायचे, कुठे जातोय ते सांगून जायचं. आपल्या मुलींना यात नवीन काही नाही. मुलांना आहे. सोळा वर्षांचा मुलगा, ज्यानं घरी पाण्याचा ग्लाससुद्धा बहिणीकडून मागून घेतला, तो तिथे घरातल्या बापाला स्वयंपाक करताना बघतो. परतल्यावर त्यानं आपल्या घरी ताट उचललं तर तेवढ्यासाठीही ते वर्ष सार्थकी लागलं असं त्याची आई म्हणेल.

तिसरं, प्रश्न. नोव्हेंबरमध्ये तिथे आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताह असतो, तेव्हा या मुलांना वर्गावर्गांत उभं राहून आपल्या देशाबद्दल सांगायचं असतं. "तुमच्याकडे मुलींना शिकू देतात का?" हे एका मुस्लिम मुलीला, जी शिकायलाच तिथे आलीय, विचारलं जातं. जातीबद्दल विचारतात, गाईबद्दल विचारतात. काहींना भारतात मुसलमान आहेत हेच नवीन असतं. अशा वेळी कोट्यवधींचा प्रवक्ता होण्याचा मोह टाळावा. आपण ज्या गावातून आलो तेवढं नीट सांगता आलं तरी खूप झालं. आणि नेमकं तेच येत नाही. भिवंडीत लूम कधी आले, पद्मानगरात तेलुगू विणकर कुठून आले, कोकणी मुसलमान इथे किती पिढ्यांपासून आहेत, १९७० आणि १९८४ च्या दंगलींत काय झालं, हे आपल्या किती पोरांना ठाऊक आहे? परदेशी जाण्याआधी आपलंच गाव एकदा पायी फिरून पाहायला हवं.

तर पाठवावं का? पाठवावं, मुलींनाही. वयाची अट साधारण पंधरा ते सतरा. बारावी होऊन गेलेली नसावी. इंग्रजीची चाचणी, निबंध, मुलाखती असतात. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलांची गाडी इंग्रजीवर अडते, त्यासाठी आठवीपासूनच तयारी लागते. तिथलं वर्ष इथे अभ्यासात धरलं जाईलच असं नाही, म्हणून शाळेशी किंवा कॉलेजशी आधी बोलून घ्यावं. एक वर्ष मागे पडलं तर जग बुडत नाही. आपल्या समाजात कितीतरी मुलं दहावीनंतर थेट लूमवर किंवा गोदामात जातात, त्यांच्या गेलेल्या वर्षांचा हिशेब कुणी मागत नाही. अमेरिकेतलं सरकारी धोरण हल्ली वर्षावर्षाला बदलतं. जागा आहेत की नाहीत हे अर्जाच्या वेळी संस्थेकडेच विचारावं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीला विचारू नये. एजंटला पैसे तर मुळीच देऊ नयेत.

इथपर्यंत बहुतेक सुशिक्षित घरं माझ्याशी सहमत होतील. पुढचं विचारलं की बैठक मोडते.

या व्यवस्थेला एक्स्चेंज म्हणतात. देवाणघेवाण. त्यातली 'देवाण' कुठेय? अमेरिकन मुलंही अशाच योजनेतून इतर देशांत वर्षभर राहायला येतात. एएफएसमार्फत युरोपातली, थायलंडमधली मुलं भारतात येऊन इथल्या कुटुंबांत राहतात. नारपोलीतलं, शांतीनगरमधलं, निजामपुऱ्यातलं कुठलं घर अशा मुलाला ठेवून घेईल? लगेच उत्तर येतं, जागा कुठेय. बरोबर आहे, पण स्वतंत्र खोली लागत नाही. स्वतःचं अंथरूण लागतं आणि समवयस्क भावाबहिणीची खोली चालते. अडचण जागेची कमी आणि "लोक काय म्हणतील" याची जास्त आहे.

मुंबई-ठाण्यात मुसलमान नाव ऐकल्यावर "मालकानं फ्लॅट दिला नाही" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, अनेकांनी भोगलंय. कल्याणचा दलाल जे नाव ऐकून फोन ठेवतो, तेच नाव वाचून सातासमुद्रापलीकडचं एक कुटुंब म्हणतं, ही मुलगी आमच्याकडे येऊ दे. हा विरोधाभास आपण सभांमधून मांडतो, टाळ्याही मिळतात. पण त्याच सभेनंतर मी एक साधी गोष्ट विचारतो: जव्हार-मोखाड्याची एक आदिवासी मुलगी भिवंडीच्या कॉलेजात शिकायला आली, वसतिगृह मिळालं नाही, तर ती तुमच्या घरी राहील का? तिच्या देवाच्या तसबिरीसकट? मांसाहार तुम्ही दोघंही करता, तेवढं तरी सोपं आहे. यावर जी शांतता पसरते ती अमेरिकेतल्या संध्याकाळसारखीच असते.

आणि परधर्माचं सोडाच. भिवंडीतले कोकणी आणि यूपीवाले पिढ्यान्‌पिढ्या एकाच मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. एकमेकांच्या घरी रात्र किती जणांनी काढली?

हे आपल्याला परकं आहे असंही नाही. भिवंडीतल्या पाट्या वाचत चला, दर दुसऱ्या दुकानावर आडनाव दिसेल: अन्सारी. उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांनी अभिमानानं लावलेलं हे नाव मदिनेच्या अन्सारांवरून आलंय. इ.स. ६२२ मध्ये मक्केहून घरदार सोडून आलेल्या मुहाजिरांना मदिनेतल्या एकेका कुटुंबानं आपल्या घरात घेतलं, भाऊ मानलं, मिळकतीत वाटा देऊ केला, ते हे अन्सार. म्हणजे जगातल्या एका फार जुन्या यजमान व्यवस्थेचं नाव आपण आडनाव म्हणून लावतो आणि दाराला आतून कडी घालतो. कोकणातल्या गावांत मशिदीच्या इमामाचं जेवण पाळीनं घरोघरून जायचं, काही ठिकाणी अजून जातं. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. अर्थात ती घरंही जातीतलीच असत, हे विसरून चालणार नाही. लूमवरचा एकटा कामगार आजही बिस्सीत जेवतो. तिथे पैसे मोजावे लागतात, पण भाकरी कुणाच्या तरी घरच्या चुलीवरची असते.

महाराष्ट्रात यावर नीट विचार केलेला माणूसही होऊन गेला. साने गुरुजींचं स्वप्न होतं आंतरभारती: प्रांताप्रांतांतल्या माणसांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांत राहावं. 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहिणारे तेच गुरुजी. त्यांच्यानंतर आंतरभारतीच्या आणि एस. एन. सुब्बाराव यांच्या बाल आनंद महोत्सवांमध्ये वेगवेगळ्या राज्यांतली मुलं स्थानिक कुटुंबांत उतरायची, शक्यतो समवयस्क मूल असलेल्या आणि वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या धर्माच्या घरी. आठवडाभरात पोरं परत जायची, घरातली म्हातारी स्टेशनवर रडायची. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. खर्च म्हणजे रेल्वेचं तिकीट आणि चार ताटं.

भिवंडीपाशी याचा अर्धा अनुभव आहेच. १९८४ च्या दंगलीनंतर, १९८८ पासून, पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. गल्लीगल्लीत हिंदू-मुसलमान माणसं एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. याचं श्रेय त्या कमिट्यांना दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण कमिटीत माणसं खुर्चीवर बसतात, चहा पितात आणि आपापल्या मोहल्ल्यात परततात. स्वयंपाकघरापर्यंत कुणी पोहोचत नाही. त्या पिढीनं दंगल थांबवली, तेवढं त्यांचं काम होतं. घरात घेण्याचं काम आपल्यावर राहिलंय.

माझी सूचना अगदी छोटी आहे आणि ती आपल्या चळवळीतल्या पंचवीस वर्षांखालच्या मुलामुलींसाठी आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवसांसाठी नारपोलीतली पाच घरं निवडा आणि साताऱ्याच्या, लातूरच्या किंवा पालघरच्या पाच मुलामुलींना तिथे राहायला बोलवा. मुलगी मुलीच्या घरी, मुलगा मुलाच्या घरी. आधी तुम्ही त्यांच्या पालकांना जाऊन भेटा, घर दाखवा, शेजारी दाखवा, अमेरिकन कुटुंबं दाखवतात तसं. काय खातात, काय खात नाहीत, ते कागदावर लिहून घ्या. कार्यक्रम ठेवू नका, भाषणं तर नकोच. सकाळी लूम बघायला न्या, संध्याकाळी खाडीवर न्या, बाकी वेळ घरातली कामं. पुढच्या सुट्टीत तुमची पाच मुलं तिकडे जातील. फराळ करतील, पाणी मारतील, शेण काढतील.

पाच घरं मिळणार नाहीत असं मला दोघा-तिघांनी आधीच सांगितलंय. एकानं विचारलं, मुलं आली आणि मोहल्ल्यात कुणी काही बोललं तर? दुसऱ्याची बायको मध्येच म्हणाली, "आठ दिवसांचंच आहे ना, आमच्या सनाच्या खोलीत झोपेल ती." म्हणजे चारच शोधायची राहिली.